थर्मोस्टॅट फेकू नका, पारखून घ्या

ट्रॅक्टरच्या तापमापकाचा काटा खालीवर होऊ लागला की पुष्कळ शेतकरी बंधू थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. ही काटकसर महागात पडते. इंजिन सतत थंड राहिल्यास डिझेल पुरते जळत नाही. ते वंगणात उतरते, वंगण पातळ होते आणि सिलिंडर व रिंगा अकाली झिजतात.

प्रथम इंजिन पूर्ण निवू द्यावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. उसळणाऱ्या पाण्याने भाजते. मग पाण्याची पातळी, नळ्यांची गळती, पंख्याच्या पट्ट्याचा ताण व जाळीत अडकलेला भुसा पाहावा. पाणी कमी असल्यासही काटा हेलकावतो. हे सर्व ठीक असेल तरच थर्मोस्टॅटकडे वळावे.

थोडे पाणी काढून थर्मोस्टॅट बाहेर घ्यावा व पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने टांगावा. तळाला टेकू देऊ नये. पाणी तापवावे. थर्मोस्टॅटवर कोरलेल्या अंशाच्या सुमारास, बहुधा ८० अंश सेल्सिअसच्या आसपास, झडप उघडू लागली पाहिजे आणि निवताच मिटली पाहिजे. तसे न घडल्यास त्याच अंशाचा नवा आणावा.

बसविताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवावी व गॅस्केट नवे घालावे. पाणी भरल्यावर झाकण उघडे ठेवून इंजिन थोडा वेळ चालवावे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल. मग पातळी पुन्हा भरावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही पातेल्यातील परीक्षा गावात एकदा प्रत्यक्ष करून दाखवावी. डोळ्यांनी पाहिलेले शेतकरी विसरत नाही.