रहस्य झाकावे की सांगावे? चाहत्यांच्या मुक्तकोशांपुढील पेच

शहपुरा (जबलपूर) : कथेचा शेवट किंवा त्यातील कळीचे वळण आधीच उघड करणाऱ्या मजकुराला इंटरनेटच्या भाषेत ‘स्पॉयलर’ म्हणतात. मराठीत त्याला रहस्यभेद म्हणता येईल. चित्रपट, मालिका आणि कादंबऱ्यांविषयी चाहत्यांनीच मिळून लिहिलेल्या मुक्तकोशांना, म्हणजे ‘विकीं’ना, या प्रश्नाला सतत सामोरे जावे लागते. महानगरातील प्रेक्षक पहिल्या दिवशी चित्रपट पाहतो. शहपुऱ्यासारख्या लहान गावातील अनेकांच्या वाट्याला तो काही आठवड्यांनी मोबाइलच्या पडद्यावर येतो. कोशाचे पान मात्र दोघांसाठी एकाच वेळी उघडे असते.

भारतात या प्रश्नाला भाषेचाही पैलू आहे. ‘दृश्यम’ हा मल्याळम चित्रपट 2013 मध्ये आला. निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेली, गोव्यात घडणारी त्याची हिंदी आवृत्ती 2015 मध्ये प्रदर्शित झाली. पुढचा भाग मल्याळममध्ये फेब्रुवारी 2021 मध्ये, तर हिंदीत नोव्हेंबर 2022 मध्ये आला. मधल्या 21 महिन्यांत मूळ चित्रपटाच्या पानावरील कथानक म्हणजे हिंदी आवृत्तीची वाट पाहणाऱ्यांसाठी रहस्यभेदच होता. एका भाषेत जुनी झालेली कथा दुसऱ्या भाषेत नवी असू शकते.

सर्वसाधारण ज्ञानकोशाने या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली आहे. इंग्रजी विकिपीडियावर पूर्वी कथानकाआधी इशारा दिला जात असे. 2007 मध्ये ती प्रथा बंद झाली. ‘कथानक’ हे शीर्षकच पुरेशी सूचना देते आणि इशाऱ्यासाठी माहितीची मांडणी बदलणे कोशाच्या हेतूशी विसंगत आहे, असा युक्तिवाद त्यामागे होता. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द माउसट्रॅप’ या नाटकावरून 2010 मध्ये वाद झाला. लंडनमध्ये 1952 पासून चालू असलेल्या या नाटकाच्या अखेरीस, खुनी कोण हे बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. विकिपीडियावर ते नाव दिल्याबद्दल लेखिकेच्या कुटुंबीयांनी नाराजी व्यक्त केली. तरीही मजकूर कायम राहिला.

चाहत्यांच्या कोशांना इतके अलिप्त राहणे जमत नाही, कारण त्यांचे वाचक बहुधा कथेच्या मध्यावर असतात. म्हणून अनेक ठिकाणी नव्या कलाकृतीच्या पानावर ठरावीक मुदतीपुरती इशाऱ्याची पट्टी लावतात, प्रदर्शनापूर्वी फुटलेली माहिती स्वीकारत नाहीत किंवा कथानक भागवार विभागून वाचकाने टिचकी दिल्यावरच उघडेल असे ठेवतात.

खरी अडचण कथानकाच्या परिच्छेदाबाहेर उद्भवते. पात्राच्या माहितीचौकटीत ‘स्थिती : मृत’ एवढे दोन शब्द पुरेसे ठरतात. वेशांतर केलेल्या पात्राचे खरे नाव पानाच्या शीर्षकात असेल, तर ते शोधाच्या निकालांतच दिसते. छायाचित्राखालील ओळ, वर्गीकरण आणि संपादनाचा सारांश यांतूनही रहस्य निसटते. अक्षरांवर काळा रंग फासून मजकूर लपवण्याची पद्धतही अपुरी आहे. दृष्टिहीन वाचकांसाठी पडदा वाचून दाखवणारी प्रणाली तो मजकूर सहसा सरळ वाचून टाकते.

शेवट कळल्याने आनंद खरोखर कमी होतो का, याविषयी मतभेद आहेत. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये 12 लघुकथांवर प्रयोग केला. शेवट आधी सांगितलेल्या वाचकांनी कथांना सरासरी अधिक पसंती दिल्याचे त्यात आढळले. नंतरच्या काही अभ्यासांचे निष्कर्ष याच्या उलट आहेत. रामकथेचा शेवट ठाऊक असूनही कीर्तनाला गर्दी होते, कारण तिथे श्रोत्यांचा रस निरूपणात असतो. रहस्यकथेचा वाचक मात्र तर्क लढवण्यासाठी वाचतो आणि उत्तर आधीच हाती आले की तो खेळच संपतो.

मराठीत असे कोश लिहिणाऱ्यांनी काही साधे नियम आधीच ठरवून घेतल्यास पुढचे वाद टळू शकतात. पानाच्या पहिल्या परिच्छेदात केवळ विषयाची ओळख असावी. माहितीचौकटीत पात्राच्या अंताचा उल्लेख नसावा. इशाऱ्याची मुदत मोजताना मोबाइलवरील प्रदर्शनाची तारीखही विचारात घ्यावी. ‘कथानक’ या शीर्षकाखाली मात्र शेवटासह पूर्ण कथा असावी. संदर्भ शोधणाऱ्याला अर्धवट माहिती देणारा कोश विश्वासार्ह ठरत नाही.