मत्स्यपेटीतील सोबती कसे निवडावेत?

कटला, रोहू व मृगळ हे तीन मासे एकाच तळ्यात का सोडतात, हे शेततळे असलेल्या शेतकऱ्यांस नव्याने सांगावयास नको. कटला पृष्ठभागाजवळचे अन्न खातो, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळाशी. एकाच्या तोंडचा घास दुसरा हिरावून घेत नाही, म्हणून तिघेही वाढतात. शोभेच्या माशांची काचेची पेटी म्हणजे असेच एक लहानसे तळे होय. फरक एवढाच की, तळ्यात दुबळ्या माशास पळून जावयास जागा असते. पेटीत ती नसते. म्हणून येथे सोबत्यांची निवड अधिक काळजीने करावी लागते.

ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस मुंबईची बाजारपेठ जवळ आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश करण्यात आला. परंतु मासे वाढविणाऱ्याने ते कोणाबरोबर नांदतात हेही जाणले पाहिजे. कारण गिऱ्हाइकाच्या घरी मासे मेले की गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

एका घरातील अनुभव

चारकोप हे कांदिवलीच्या पश्चिमेस, खाडीकाठच्या तिवरांजवळ वसलेले गाव. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने येथे लहान भूखंडांची वसाहत उभारली. अशा आटोपशीर घरात मत्स्यपेटी सहज मावते. तेथील एका घरी प्रस्तुत लेखकास दोन फूट लांबीची पेटी पाहावयास मिळाली. तीत दोन गोल्डफिश, एक फायटर, सहा गप्पी आणि दोन एंजल सोडले होते. महिन्याभरात गप्पींच्या शेपट्या कुरतडल्या गेल्या, मग ते एकेक करून मेले आणि पाणी गढूळ झाले. घरच्या मुलाने खाऊचे पैसे साठवून हे मासे आणले होते. पाण्यात काही विषारी मिसळले असावे, अशी त्याची समजूत होती. वस्तुतः दोष संगतीचा व गर्दीचा होता.

निवडीच्या चार कसोट्या

पहिली कसोटी पाण्याची. गोल्डफिशला १८ ते २४ अंश सेल्सिअसचे थंड पाणी मानवते व तो घाणही पुष्कळ करतो. एंजल व फायटर यांस २४ ते २८ अंशांचे ऊबदार पाणी लागते. गप्पी, मोली व प्लॅटी यांस किंचित जड पाणी आवडते, तर निऑन टेट्राला मऊ. यास्तव गोल्डफिशची पेटी नेहमी वेगळीच ठेवावी.

दुसरी कसोटी स्वभावाची. फायटरचे दोन नर एकत्र ठेवल्यास एकमेकांचा जीव घेतात; लांब शेपटीचा रंगीत गप्पीही त्यांस प्रतिस्पर्धी वाटतो. टायगर बार्ब दुसऱ्यांचे पर व शेपट्या कुरतडतो. उलट निऑन टेट्रा व झेब्रा डॅनिओ हे कळपाने राहणारे मासे आहेत; ते सहापेक्षा कमी ठेवल्यास बुजून राहतात. गप्पी व प्लॅटी यांच्या एका नरामागे दोन ते तीन माद्या असाव्यात, म्हणजे एकाच मादीचा पाठलाग होत नाही.

तिसरी कसोटी आकाराची. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो आज ना उद्या त्याचे भक्ष्य होतो. लहानपणी शांत दिसणारा एंजल वाढला की निऑन टेट्रा गिळतो. म्हणून विकत घेतानाचा आकार न पाहता पूर्ण वाढीचा आकार विचारात घ्यावा.

चौथी कसोटी थराची. वर, मध्ये व तळाशी राहणारे मासे निवडल्यास सर्व जागेचा उपयोग होतो आणि भांडणे टळतात.

किती मासे सोडावेत?

दोन लिटर पाण्यास पूर्ण वाढीचा एक सेंटिमीटर लांबीचा मासा, हे लहान माशांसाठी सोपे प्रमाण आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत वाळू वगळता सुमारे ५० लिटर पाणी राहते; तीत चार सेंटिमीटरचे सहा झेब्रा डॅनिओ सोडले की ती भरली असे समजावे. १२० लिटरच्या पेटीत वरच्या थरास सहा झेब्रा डॅनिओ, मधल्या थरास एक नर व दोन माद्या प्लॅटी आणि तळास चार कोरिडोरास असा मेळ बसतो. या सर्वांस सुमारे २५ अंशांचे, आम्लही नाही व अल्कही नाही असे पाणी चालते.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडून जाण्यासाठी ते एक दिवस उघड्या भांड्यात ठेवावे. माशांच्या विष्ठेपासून अमोनिया हे विष तयार होते. त्याचे रूपांतर करणारे जिवाणू पेटीत वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात; म्हणून आरंभी दोन-तीनच मासे सोडावेत. आठवड्यास एक-चतुर्थांश पाणी बदलावे. नवीन मासा पंधरा दिवस निराळ्या भांड्यात ठेवून, रोग नाही अशी खात्री झाल्यावरच पेटीत घालावा.

नको झालेला मासा

शेवाळ खाऊन पेटी स्वच्छ ठेवतो, अशी शिफारस करून सकर मासा विकला जातो. तो फूटभराहून अधिक वाढतो. मग पेटीत मावेनासा झाला की लोक दया म्हणून त्यास तलावात किंवा नदीत सोडून देतात. ही दया घातक आहे. उजनी जलाशयात हा मासा मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्यास बाजारात किंमत नाही. एका घरातील चुकीची निवड अशी दूरच्या कुटुंबाच्या भाकरीवर येते. नको असलेला मासा विक्रेत्यास परत करावा किंवा मोठी पेटी असलेल्यास द्यावा. नैसर्गिक पाण्यात कधीही सोडू नये.

ग्रामसेवकांनी शोभिवंत मत्स्यपालन करणाऱ्यांस ही माहिती समजावून सांगावी. मासे विकताना प्रत्येक जातीचा पूर्ण वाढीचा आकार व तिचे योग्य सोबती एका चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकास द्यावेत. चिठ्ठीस खर्च नाही. तिने माशांचे प्राण वाचतात आणि विक्रेत्यावरील विश्वास वाढतो.