शिकणाऱ्या परिचारिकेचे घर कोण चालवणार?
– परिचर्या शिक्षण साहाय्य निधीविषयी निवेदन

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक हिशेबपत्रकात ‘परिचर्या शिक्षण साहाय्य निधी’ या शीर्षाखाली दाखविलेला खर्च पाहून काही देणगीदारांनी विचारणा केली आहे. या निधीतून विद्यार्थिनींच्या शुल्कापेक्षा त्यांच्या घरखर्चासाठी अधिक रक्कम का दिली जाते, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. सार्वजनिक न्यासाने प्रत्येक रुपयाचा विनियोग समजावून सांगितलाच पाहिजे. त्या कर्तव्यभावनेने हे निवेदन आम्ही आपणांसमोर ठेवीत आहोत.

काही वर्षांपूर्वीची एक घटना आम्हांस विसरता येत नाही. आमच्या परिचर्या विद्यालयातील अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी सकाळी पुरुष कक्षात प्रात्यक्षिकासाठी उभी होती. इन्सुलिनची मात्रा सिरिंजमध्ये भरताना तिने केसपेपरवरील आकडा चुकीचा वाचला. शेजारी असलेल्या परिसेविकेच्या ते वेळीच ध्यानात आले, म्हणून रुग्णास कोणताही अपाय झाला नाही. चौकशीअंती असे समजले, की ही मुलगी आठवड्यातील चार रात्री एका खासगी प्रसूतिगृहात सेविकेचे काम करीत होती.

प्रथम शिस्तभंगाच्या कारवाईचा विचार झाला. परंतु अधिसेविका तिला आमच्या कार्यालयात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “ज्ञापन देण्यापूर्वी हिचा दिवस एकदा कागदावर मांडून पाहा.” तो आम्ही मांडला. रात्री ८ ते सकाळी ७ प्रसूतिगृह. ८ वाजता आमच्या कक्षात हजेरी. दुपारी जेवणाची सुट्टी, मग ५ वाजेपर्यंत वर्गातील तास. ६ वाजता घर, स्वयंपाक, धाकट्या भावाचा अभ्यास आणि साडेसातला पुन्हा घराबाहेर. प्रसूतिगृहात एखादी रात्र शांत गेली तर बाकावर पाठ टेकायची, एरवी तीही सोय नाही. चोवीस तासांच्या या हिशेबात झोपेसाठी काहीच शिल्लक राहत नव्हते.

आम्हांस अधिक खंत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. तिचे संपूर्ण शुल्क आमच्याच निधीतून भरलेले होते. आपले कर्तव्य पार पडले, अशा समाधानात आम्ही होतो. शुल्क भरल्याने तिला वर्गात जागा मिळाली होती. घराचे भाडे आणि किराणा मात्र तसाच उरला होता. वडील हयात नसलेल्या त्या घरात आईच्या मिळकतीवर तिघांचे भागत नव्हते.

येथे कोणी म्हणेल, नोकरी सांभाळून शिकणारे लोक पुष्कळ आहेत, मग परिचर्येतच अडचण का? वाणिज्य शाखेची पदवी सकाळच्या महाविद्यालयात अथवा बाहेरून परीक्षा देऊन मिळविता येते. परिचर्येचे तसे नाही. जनरल नर्सिंग व मिडवाइफरी हा तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार परीक्षेस बसण्यासाठी किमान ८० टक्के उपस्थिती लागते आणि प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची उपस्थिती १०० टक्के पूर्ण करावी लागते. जेवढे दिवस बुडाले, तेवढे भरून द्यावे लागतात. हा नियम जाचक वाटला तरी योग्यच आहे. नाडी पाहणे, जखम बांधणे, प्रसूतीच्या वेळी मातेजवळ उभे राहणे या गोष्टी पुस्तकातून येत नाहीत. सेवेत असलेल्या परिचारिकांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने दूरशिक्षणाने पदवी अभ्यासक्रम आखला, तेव्हा त्यातही प्रात्यक्षिकाची प्रत्यक्ष उपस्थिती अनिवार्यच ठेवावी लागली.

दिवस असा बांधला गेल्यावर अर्थार्जनासाठी केवळ रात्र उरते आणि तिची किंमत शेवटी रुग्णाच्या खाटेपाशी मोजली जाते. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक निष्कर्ष प्रसिद्ध केला होता. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची हात व डोळे यांचा मेळ राखण्याची क्षमता, रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकी खालावते, असे त्यांना आढळले. मद्य घेतलेल्या व्यक्तीस आपण इंजेक्शनच्या ट्रेजवळ उभे करणार नाही. मग रात्रभर राबून आलेल्या विद्यार्थिनीस उभे करताना आपण विचार करू नये काय?

शिक्षणाबरोबर निर्वाहाची सोय करण्याची कल्पना आमची नव्हे. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे विद्यालय सुरू झाले, तेव्हा शिकाऊ परिचारिकांना निवास व भोजन मिळत असे, शिवाय हातखर्चासाठी वर्षाला १० पौंड दिले जात. आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळविले, तेव्हा त्यांच्या राहण्याची सोयही पाहिली. निर्वाहाची काळजी दूर झाल्यावाचून शिक्षण घडत नाही, हे त्या पिढीने जाणले होते.

या अनुभवानंतर विश्वस्त मंडळाने निधीचे नियम बदलले. निवड झालेल्या विद्यार्थिनीस शुल्काबरोबरच दरमहा घरखर्चास साहाय्य दिले जाते. सत्र चालू असताना तिने कोठेही रात्रपाळी करू नये, एवढीच त्यामागील अट आहे. सुट्टीत काम करण्यास हरकत नाही. आमच्याच सेविकांपैकी कोणी शिकावयास गेली, तर तिची जागा राखून ठेवली जाते. पदवीसाठी दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमास जाणाऱ्या परिचारिकांनाही हाच नियम लागू आहे. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे किंवा सक्तीचे सेवाबंधन लिहून घेणे आम्ही कटाक्षाने टाळतो.

या शेवटच्या मुद्द्यावर मंडळात मतभेद झाले होते, हे लपविण्याचे कारण नाही. “आपण शिकवायचे आणि तिने दुसरीकडे जायचे, यात संस्थेचा लाभ कोणता?” असे एका विश्वस्तांनी विचारले. वर उल्लेखिलेली विद्यार्थिनी रीतसर उत्तीर्ण झाली. आज ती आमच्याकडे नाही. एका शासकीय रुग्णालयात ती सेवा बजावीत आहे. आमच्या वेतनपटाच्या दृष्टीने हा तोटाच आहे आणि तो आम्ही मान्य करतो. परंतु तेथे ज्यांची ती शुश्रूषा करते, त्यांत आमच्याच तालुक्यातील माणसे आहेत. सार्वजनिक न्यासाने लाभाचा हिशेब आपल्या भिंतींपुरता मांडू नये, असा निर्णय मंडळाने अखेर एकमताने घेतला.

घरखर्चाचे साहाय्य सुरू केल्यापासून पूर्वीइतक्या विद्यार्थिनींना मदत करणे निधीस शक्य होत नाही, हेही नमूद केले पाहिजे. यंदा आमच्या स्त्री कक्षातील दोन सेविकांनी अर्ज केले आहेत. दोघीही बारावी उत्तीर्ण आहेत, दोघींच्या घरी लहान मुले आहेत. सध्याच्या शिलकेतून एकीचीच तीन वर्षे निभावतील. दोघींना निम्मे-निम्मे द्यावे, अशी सूचना आली होती. परंतु तसे केल्यास दोघींनाही रात्रीचे काम शोधावे लागेल आणि आम्ही पुन्हा पहिल्या चुकीपाशी येऊ. दुसरीचा अर्ज आम्ही नाकारलेला नाही, तो प्रलंबित ठेवला आहे.

या निधीस देणगी देताना ती केवळ शुल्कासाठीच वापरावी अशी अट शक्यतो घालू नये, ही नम्र विनंती. निधीचा तपशीलवार जमाखर्च कार्यालयीन वेळेत कोणत्याही देणगीदारास पाहावयास मिळेल.