पाड्याची वाट आराखड्यात यायला हवी

पाड्यावरचे मूल शाळेत आले नाही, की आपण आईवडिलांना बोल लावतो. पण बरेचदा अडचण वाटेत असते. पावसाळ्यात ओढा भरतो आणि त्यावर साकव नसतो.

शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत हवी. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे; पण गाडी पाड्याजवळ थांबली तरच त्याचा उपयोग.

या कामांची सुरुवात ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात होते. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट मिळतो. तो कशावर खर्चायचा, हे ग्रामसभा ठरवते. साकव, अंगणवाडीची वाट ही कामे तिथे सुचवता येतात. थांब्यासाठी ठराव करून एसटीच्या आगाराकडे पाठवता येतो.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे बंधनकारक आहे. लेकराला कडेवर घेऊन अंगणवाडीत जाणाऱ्या आईला वाट कुठे अडते ते नेमके ठाऊक असते. तिने ते सभेत सांगावे, ठरावात लिहून घ्यावे आणि ठरावाची प्रत मागावी. बोललेले विसरले जाते. लिहिलेल्याचा पाठपुरावा करता येतो.