पीर बसतात तेव्हा

मोहरमच्या शुभेच्छा देणारे भेटले की मी गप्प बसतो. मोहरम हा सण नव्हे, दुखवटा. इ.स. ६८०मध्ये करबलाच्या रणात पैगंबरांचे नातू इमाम हुसेन तहानलेले असताना मारले गेले, त्याचा हा शोक. इराकच्या वाळवंटातला हा शोक दख्खनच्या खेड्यात आला आणि गावाचाच झाला, याचे मला अप्रूप वाटते.

धातूचे पंजे ‘पीर’ म्हणून बसतात, ऊद जळतो, घरोघर मलिदा आणि चोंगे होतात. नवसाचे हिंदू पोरही ‘फकीर’ होते. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात शंभर फुटांहून उंच ताबूत उठतात. त्यांतले काही हिंदूंचे. २०१८ ते २०२० अशी लागोपाठ तीन वर्षे तर गणपतीच्या दिवसांतच पीर बसले.

आता आक्षेप दोन्हीकडून येतात. काही मौलवी म्हणतात, हे धर्मात नाही. इकडचे काही म्हणतात, हा आपला देव नाही. ग्रंथ उघडले तर दोघेही खरे ठरतील. पण गावाने ग्रंथ पाहून पीर बसवले नव्हते. शेजाऱ्याच्या दुःखाला खांदा द्यावा, एवढेच त्याला ठाऊक होते. ताबूत एकट्याने उचलत नाही. खांदेकरी आटले, तर उरतील ते नुसते बांबू आणि कागद.