स्टिक वाकडी की हात?

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मामा, स्नूकरची स्टिक घ्यायचीय. बाबा म्हणतात, चार हजारांच्या वर एक रुपया नाही. शिवाय हे साहेबांचे खेळ कशाला, असंही म्हणतात."

मी म्हटलं, "बाबांना सांग, स्नूकर १८७५ साली आपल्या जबलपूरच्याच लष्करी मेसमध्ये जन्मलं. आणि इंदूरची अमी कमानी भारताकडून खेळली आहे. स्टिक मात्र माझ्याबरोबर येऊन घे."

याला कारण होतं. पहिल्या नोकरीच्या पगारातून मी एक चकचकीत स्टिक घेतली होती. सहा महिने माझे लांबचे फटके डावीकडे जात राहिले. मी उभं राहणं बदललं, पकड बदलली, डोळेसुद्धा तपासून आलो. शेवटी क्लबातल्या मार्करकाकांनी स्टिक उचलली, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "हात ठीक आहे रे, काठी वाकडी आहे." मी ती नेहमी एकाच बाजूने धरायचो, म्हणून चूकही एकाच बाजूला व्हायची. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं!

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: जे नंतर बदलता येत नाही, ते आधी तपासायचं.

पहिला सरळपणा. टेबलावर घरंगळवून भागत नाही. मुठीच्या टोकाला बहुतेक वेळा एक बाजू सपाट तासलेली असते, त्यामुळे चांगली स्टिकही डगमगते. मुठीकडून टोकाकडे बंदुकीसारखा नेम धरा आणि हळूहळू फिरवा. बाक असेल तर दिसतो.

दुसरे लाकडाचे रेषे. अ‍ॅशच्या लाकडावर बाणासारख्या खुणा दिसतात, मेपल जवळजवळ कोरं दिसतं. दोन्ही चांगली. रेषे लांबीच्या दिशेने टोकापर्यंत जायला हवेत. मध्येच तिरपे बाहेर पडत असतील तर ठेवून द्या.

तिसरा सांधा. दोन तुकड्यांची स्टिक घट्ट जोडा आणि मुठीचं टोक जमिनीवर हलकेच आपटा. खुळखुळ किंवा खरखर ऐकू आली तर काहीतरी सैल आहे.

मुठीवरच्या नक्षीला भुलू नका. स्वस्त स्टिकवर कधीकधी ती नुसती चिकटवलेली किंवा छापलेली असते. नखाने कडा चाचपून पाहा.

टोकावरची चामड्याची टिप खराब असली तरी चालेल, ती थोडक्यात बदलता येते. हाताला चिकटणारं जाड वार्निशही बारीक पॉलिश पेपरने उतरतं. लांबी साधारण ५७-५८ इंच आणि वजन १७ ते १९ औंस, म्हणजे अंदाजे ४८० ते ५४० ग्रॅम, असलं की बस.

दुकानात आम्ही तीन स्टिक परत केल्या. दुकानदार वैतागला. चौथी अगदी साधी होती, नक्षी नाही की चमक नाही. भाचीने एक डोळा मिटून ती फिरवली आणि म्हणाली, "मामा, ही सरळ आहे."

काल तिचा पुन्हा फोन आला. "आज सगळे फटके चुकले." थोडं थांबून स्वतःच म्हणाली, "पण स्टिक बरोबर आहे. म्हणजे सराव करायला हवा."

चार हजारांत याहून जास्त काय हवं?