बारा इंचांची गंमत

तुमची सायकल बरीच जुनी असेल, तर तिची चेन लांब झाली असणार. नवी होती तेव्हापेक्षा लांब! कुणी ओढली नाही, ताणली नाही. मग पोलाद काय रबरासारखं वाढलं?

मापूनच बघू. कंपासपेटीतली छोटी पट्टी पुरणार नाही. मोठी फूटपट्टी घ्या, इंचांची बाजू वापरा. चेनवर कव्हर असेल तर मोठ्यांकडून काढून घ्या. मित्राला मागचा ब्रेक घट्ट दाबून धरायला सांगा आणि पायडल हाताने हलकेच पुढे रेटा. वरची चेन ताठ होईल. (चेन फिरत असताना बोट जवळ न्यायचं नाही, कधीच नाही!)

चेनवर ओळीने गोल टिकल्या दिसतात ना? ती पिनांची डोकी. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. चेन नवी असेल तर दुसरी पिन अर्ध्या इंचावर, तिसरी एक इंचावर, आणि पंचविसावी थेट बारावर! साध्या सायकलीची असो वा गीअरच्या, बहुतेक प्रत्येक चेनचं माप हेच: पिनेपासून पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर.

झिजलेल्या चेनची पंचविसावी पिन मात्र बाराच्या पुढे सरकलेली असते. दीड मिलिमीटर सरकली, की चेन बदलायची. तीन मिलिमीटर सरकली, तर चक्राचे दातेसुद्धा झिजले असण्याची शक्यता मोठी.

आता खरी गंमत ऐका. पोलाद वाढलेलं नाही, उलट कमी झालंय! पायडल मारताना चेनचा प्रत्येक सांधा पिनेभोवती वाकतो, सरळ होतो. तेलात रस्त्याची धूळ मिसळते आणि पाट्यावर चटणी वाटावी तशी ती पिनेला घासत राहते. पिन बारीक होते, भोक मोठं होतं. एका सांध्यातली ही वाढ जेमतेम 0.06 मिलिमीटर, केसाच्या जाडीएवढी. नुसत्या डोळ्यांना ती कळायचीसुद्धा नाही. पण बारा इंचांत असे 24 सांधे! सगळ्यांची वाढ एकापुढे एक जोडली, की झाले दीड मिलिमीटर.

सायकल दुरुस्त करणाऱ्यांकडे यासाठी एक चपटी पोलादी पट्टी असते, चेन चेकर. तिचं एक टोक चेनमध्ये अडकवायचं. दुसऱ्या टोकाचा दात वरच अडला तर चेन ठीक, कड्यांमध्ये खाली बसला तर झिजली. तिच्यावर 0.5 किंवा 0.75 लिहिलेलं असतं, म्हणजे शेकडा तेवढी वाढ. बारा इंचांत दीड मिलिमीटर म्हणजे जवळपास 0.5 टक्केच.

चेन वाढते, पण दात्यांमधलं अंतर काही तिच्याबरोबर वाढत नाही. मग चेन दात्यांवर चढते, ते खाते आणि ऐन चढावर सटकते.

तेव्हा आजच मापा, आकडा तारखेसह वहीत लिहा. पावसाळ्याचा चिखल तुडवून झाला, की दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा मापा.